पावापुरीचे दीप आणि मोंढ्यातील वही

आश्विन लागला की जालना जिल्ह्याची कूस भरून येते. भोकरदन-जाफराबादकडील काळ्या रानांत कपाशीची बोंडे उमलू लागतात, परतूर-मंठ्याकडे सोयाबीनच्या मळणीची धूळ रस्त्यावर येते, बदनापूर आणि अंबडच्या बागांत मोसंबीचा आंबे बहार उतरवणीस आलेला असतो. दुपारचे ऊन चटके देते, पण पहाटे कुंडलिकेच्या काठाने गारवा जाणवू लागतो. जालन्याच्या मोंढ्यात आडत्यांच्या दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि हमाल-मापाड्यांना उसंत मिळत नाही. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ज्या सुबत्तेतून जन्माला आली, तिचे मूळ शरदातील या आवकेत आहे.

हा प्रदेश व्यापाराला नवखा नाही. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख सापडतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही येथील माणसे धन मिळवीत होती आणि त्यातील काही भाग दूरच्या पुण्यस्थळी अर्पण करीत होती. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे धावू लागली आणि जालन्याच्या कापसाला मोठ्या बाजारपेठांची वाट मिळाली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि जालन्याचे नाव बियाण्यांशी जोडले गेले. पुढे लोखंडी सळ्यांचे कारखाने आले. आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. या सर्व उलाढालीत राजस्थान आणि गुजरातेतून आलेली, तसेच पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारी जैन घराणी आपापल्या परीने सहभागी होत आली. स्थानक, मंदिर आणि दुकान या तीन ठिकाणी त्यांचे आयुष्य विभागलेले असे. शरद ऋतूत मात्र ही तिन्ही ठिकाणे एका धाग्यात ओवली जात. तो धागा म्हणजे दिवाळी.

जैन परंपरेत दिवाळी हे भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक आहे. आश्विन अमावास्येला, म्हणजेच उत्तरेकडील गणनेने कार्तिक कृष्ण अमावास्येला, पावापुरी येथे प्रभूंचे निर्वाण झाले. इसवी सनापूर्वी ५२७ हे वर्ष धरून वीरनिर्वाण संवत मोजला जातो. १९७४ च्या दिवाळीत त्याची २५०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा देशभर निर्वाण महोत्सव साजरा झाला होता. कल्पसूत्रातील या प्रसंगाच्या वर्णनात एक तपशील असा आहे की, व्यापारी समाजाने त्यावर थांबून विचार करावा. प्रभूंचा अंतिम चातुर्मास हस्तिपाल राजाच्या रज्जुगसभेत झाला. रज्जुगसभा म्हणजे राज्याच्या लेखनिकांची, हिशेबनिसांची कचेरी. ज्यांनी सर्व परिग्रहाचा त्याग केला, त्यांनी देह ठेवला तो जेथे धान्य, जमीन आणि कर यांच्या नोंदी होत असत अशा वास्तूत. त्या रात्री तेथे असलेल्या नऊ मल्लकी आणि नऊ लिच्छवी गणराजांनी ज्ञानाचा प्रकाश मावळला म्हणून द्रव्याचा प्रकाश करण्याचे ठरविले, असे ते सूत्र सांगते. आज दारात लागणाऱ्या पणतीचा जैन अर्थ हा आहे. ती उत्सवाची आहे, तशीच वियोगाचीही आहे.

या दिवसाला वही जोडली गेली ती व्यवहारातून. चातुर्मास संपत आलेला असे, खरिपाचा माल बाजारात येऊ लागलेला असे, आणि मागील वर्षाची येणी-देणी मिटविण्यास हाच काळ सोयीचा असे. अमावास्येला जुनी वही बंद होई. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली आणि मध्ये दुमडून बांधता येणारी नवी वही पाटावर ठेवली जाई. पहिल्या पानावर स्वस्तिक काढले जाई. एका ‘श्री’खाली दोन, दोहोंखाली तीन, असा ‘श्री’काराचा डोंगर रचला जाई. गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमारांची बुद्धी, बाहुबलींचे बळ, कयवन्ना शेठांचे सौभाग्य आणि शालिभद्रांची ऋद्धी लाभावी, अशी प्रार्थना लिहिली जाई. या यादीतील बाहुबलींनी जिंकलेले राज्य सोडून दीक्षा घेतली आणि शालिभद्रांनी अपार संपत्तीकडे पाठ फिरविली. म्हणजे नफ्याच्या वहीचे पहिले पान ज्यांची नावे घेऊन उघडे, त्यांतील कित्येक जण अखेरीस सारे सोडून निघून गेलेले होते. आपण काय लिहीत आहोत, याची जाणीव त्या मुनिमांना असेल किंवा नसेलही. परंतु परंपरेने ती नावे त्या पानावर ठेवली होती.

वहीचे तंत्रही काटेकोर होते. पानावर छापील रेघा नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असत आणि त्यांच्या आधाराने आकडे मांडले जात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रोकडवहीतून खतावणीत नोंद जाई आणि प्रत्येक नोंदीला दुसरे टोक असे. दिवस मावळताना शिल्लक जुळल्याशिवाय दुकानाला कुलूप लागत नसे. जालना निजामाच्या राज्यात असल्याने त्या काळच्या हिशेबात हाली सिक्का असे, आणि ब्रिटिश हद्दीतील व्यापाऱ्याशी देवघेव झाली की कलदार रुपया येई. सात हाली रुपयांना सहा कलदार, हे प्रमाण मुनिमाच्या जिभेवर असावे लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तरी हाली चलन लगेच नाहीसे झाले नाही. १९५९ पर्यंत ते हळूहळू मागे पडत गेले. ज्या घरांत अशा वह्या अजून माळ्यावर आहेत, तेथे एका पानावर दोन चलने नांदताना दिसू शकतील. मात्र अनेक वह्या मोडीत किंवा महाजनी लिपीत असल्याने घरातील कोणालाही त्या वाचता येत नाहीत.

ही परंपरा कोणी ठरवून मोडली नाही. तिचे कारणच काढून घेतले गेले. भारत सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून एप्रिल ते मार्च असे चालत आले होते. पण व्यापाऱ्याला आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मुभा होती आणि अनेकांनी दिवाळी ते दिवाळी हेच वर्ष ठेवले होते. १९८७ च्या प्रत्यक्ष कर दुरुस्ती कायद्याने आकारणी वर्ष १९८९-९० पासून सर्वांसाठी ३१ मार्चला संपणारे एकच वर्ष लागू झाले. ज्यांची वही १९८७ च्या दिवाळीला बंद झाली होती, त्यांचे पुढचे वर्ष थेट ३१ मार्च १९८९ रोजी संपले. सुमारे सतरा महिन्यांचे ते वर्ष भारतीय व्यापाऱ्याच्या हिशेबातील एक विलक्षण वर्ष होते. त्यानंतर दिवाळीला वही उघडली तरी तिच्यात लिहिण्यासारखे काही उरले नाही. खरा हिशेब चैत्राच्या आसपास, सनदी लेखापालाच्या कार्यालयात होऊ लागला आणि पुढे तो संगणकात गेला. पूजा राहिली, पूजेचा विषय निघून गेला. मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होत आले आहेत. तासाभराचा तो सोहळा आजही टिकून आहे, कारण त्यात खरेदी आहे. ताळेबंदाचा दिवस मात्र कोणीच राखला नाही.

रिकामी झालेली जागा बाजाराने भरून काढली. धनत्रयोदशी म्हणजे सोन्याची खरेदी, पाडवा म्हणजे वाहनाची खरेदी, आणि आधीचे पंधरा दिवस मोबाइलवरील सवलतींचे. फराळाचे डबे तयार मिळतात, ‘निर्वाणलाडू’ही मिळतात, आणि लाल कापडाच्या छोट्या वह्या पूजेच्या संचात शोभेसाठी येतात. यात दुकानदाराचा दोष काढण्यात अर्थ नाही. बहुतेक जैन घरांत दुकान आहे आणि दिवाळी हाच त्याच्या गल्ल्याचा मोसम आहे. अडचण नेमकी येथेच आहे. ज्या दिवशी अपरिग्रहाचा सर्वोच्च आदर्श मोक्षास गेला, तोच दिवस वर्षातील सर्वांत मोठ्या विक्रीचा झाला. हा विरोध बाहेरच्या जगाने आणलेला नाही. तो घराच्या उंबऱ्याच्या आतच आहे.

म्हणून जुन्या चालीरीती पुन्हा सुरू करण्याची इच्छा अनेक कुटुंबांत दिसते, तिचे स्वागत करतानाच एक प्रश्न विचारला पाहिजे. पुन्हा सुरू करायचे ते नेमके काय? पूर्वजांचे सारेच सोन्याचे होते असे मानणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. वहीला दोन बाजू होत्या. सावकाराच्या वहीतील ‘नावे’ म्हणजे कोण्या शेतकऱ्याच्या घरातील चिंता असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर आणि कागदपत्रांवर होता; ते हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. जालना तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्याने हे प्रकरण या भागाचे नव्हे. परंतु ज्या कागदाला एका घरात कुंकू लावले जाते, तोच कागद दुसऱ्या घराला जाळावासा वाटू शकतो, ही गोष्ट कोणत्याही भागातील वहीपूजकाने विसरू नये. मराठवाड्यात कापूस-सोयाबीनच्या भावावर आजही शेतकऱ्याची दिवाळी अवलंबून असते.

याचे उत्तर परंपरेतच आहे, आणि ते वहीपेक्षा जुने आहे. तत्त्वार्थसूत्राने श्रावकाच्या प्रत्येक अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटे लिहिणे; त्यातच न्यासापहार येतो, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत मापात कमी-जास्त करणे आणि भेसळीचा व्यवहार करणे येते. परिग्रहाच्या बाबतीत श्रावकाने जमीन, घर, सोने, धन, धान्य यांची मर्यादा स्वतः ठरवावी आणि ती ओलांडू नये, असे व्रत आहे. कोणत्याही हिशेबतपासनिसाने करावी अशी ही तपासणी आहे. फरक इतकाच की येथे तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असतो. वहीपूजेचा आत्मा या तपासणीत होता. लाल कापड गेले म्हणून तो नष्ट होत नाही, आणि लाल कापड परत आणले म्हणून तो परत येत नाही.

या दृष्टीने पाहिले तर शरदातील कितीतरी आचार आजच्या कुटुंबालाही सहज पेलतील, आणि त्यांतील बहुतेकांना बाजारात किंमत नाही. आश्विन शुक्ल सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवसांची नवपद ओळी असते. तूप, तेल, दूध, दही, साखर यांविना, दिवसातून एकदाच, रूक्ष अन्नाचे आयंबिल करावयाचे. सारे नऊ दिवस जमले नाहीत, तर घरातील प्रत्येकाने एक दिवस वाटून घेता येतो. नवव्या दिवसापर्यंत ओळी कुटुंबाने मिळून पूर्ण केलेली असते. पौर्णिमेला शेजारी कोजागिरीचे दूध आटत असते. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्यांनी ते न घेताही गच्चीवर शेजाऱ्यांसह बसण्यास आणि चांदणे पाहण्यास हरकत नसते. लहान मुलांना नियम आणि स्नेह या दोहोंचे एकत्र शिक्षण यापेक्षा सोपे कोठे मिळेल?

दिवाळीच्या दिवसांत स्थानकात उत्तराध्ययन सूत्राचे वाचन होते. प्रभूंची अंतिम वाणी मानल्या गेलेल्या या सूत्राची ३६ अध्ययने आहेत. गुरु गणेश तपोधामामुळे जालन्याचे नाव स्थानकवासी समाजात दूरवर पोहोचले आहे, त्यामुळे येथील मुलांना हे वाचन कानी पडणे दुर्मीळ नाही. परंतु अर्धमागधी शब्द कानावरून जातात आणि अर्थ मागे राहतो. घरी रोज संध्याकाळी एका अध्ययनाचा मराठी अर्थ मोठ्याने वाचला, तर सव्वा महिन्यात सूत्र पूर्ण होते. दिगंबर घरांत अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढविला जातो. तो लाडू घरी सर्वांनी मिळून वळला, तर त्याची चव तीच राहील, पण मुलांच्या हाताला त्याची ओळख होईल. यात एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. परंपरा परत आणण्याचा उत्साह घरातील पुरुषांचा आणि पहाटे चारला उठून भाजणी, लाडू, सोवळे सांभाळण्याचे काम सुनांचे, अशी वाटणी झाली तर ते पुनरुज्जीवन फार दिवस टिकणार नाही, आणि टिकू नये.

अमावास्येच्या रात्री वही उघडावी ती घराची. दुकानाचा हिशेब ३१ मार्चलाच राहू द्यावा. कायद्याने तसे ठरविले आहे आणि त्यात गैर काही नाही. पण कुटुंबाला स्वतःचे वर्ष असू शकते. पुण्याहून आलेला मुलगा, लग्न होऊन गेलेली मुलगी, नातवंडे आणि आजी-आजोबा एकत्र बसले असता जमेच्या बाजूला वर्षात कोणाकडून काय मिळाले ते लिहावे, आणि नावे बाजूला कोणाचे काय देणे राहिले ते. कोणा कामगाराची मजुरी अडली आहे काय, एखाद्या शेतकऱ्याच्या मालाची पट्टी थकली आहे काय, कोणा नातेवाइकाशी बोलणे बंद आहे काय. पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडं’चे संदेश शेकडो लोकांना एका स्पर्शात पाठविले जातात, ज्याच्याकडे खरोखर जायचे होते, तो बहुधा त्या शेकड्यात नसतो. नावे बाजूला लिहिलेले एक नाव पुसण्यासाठी पाडव्याच्या सकाळी त्याच्या घरी जाणे, हा गौतमस्वामींच्या केवलज्ञानाच्या दिवसाचा उत्तम आरंभ ठरेल. प्रभूंवरील मोह सुटला तेव्हा गौतमस्वामींना केवलज्ञान झाले, असे परंपरा सांगते. सामान्य गृहस्थाला निदान मी-पणाचा एखादा मोह सोडता येईल. आणि शेवटच्या ओळीत पुढील वर्षासाठी परिग्रहाची एक मर्यादा लिहावी, मुलांनीही आपली लिहावी, लहान का असेना.

भाऊबिजेलाही जैन घरात स्वतःची कथा आहे. महावीरांच्या निर्वाणाने शोकाकुल झालेल्या थोरल्या भावाला, नंदिवर्धनांना, बहीण सुदर्शनेने आपल्या घरी नेऊन जेवू घातले आणि सावरले. ओवाळणीच्या पाकिटाइतकीच, दुःखी भावाच्या पाठीवरून फिरणाऱ्या हाताची ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. त्यानंतर कार्तिक शुक्ल पंचमी येते, ज्ञानपंचमी. या दिवशी ग्रंथभांडारे उघडून पोथ्यांची धूळ झटकावी, त्यांना हवा-ऊन द्यावे, अशी रीत आहे. पावसाळ्यानंतर दमट झालेल्या कागदाची ती शास्त्रशुद्ध निगा होती. माळ्यावरील जुन्या वह्या त्याच दिवशी खाली उतरवाव्यात. मोडी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाकडून त्यातील चार पाने वाचून घ्यावीत. कोणत्या सालात पणजोबांनी धर्मादाय खात्यात किती टाकले, कोणत्या दुष्काळी वर्षी कोणाची बाकी सोडून दिली किंवा दिली नाही, हे त्यातून कळू शकेल. जे कळेल ते अभिमानाचे असेलच असे नाही. ते खरे मात्र असेल, आणि घराण्याच्या खऱ्या इतिहासाची सुरुवात तेथूनच होईल.

कार्तिकी पौर्णिमेला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कचनेर येथे चिंतामणी पार्श्वनाथांची यात्रा भरते आणि भाविक पायीही जातात. त्याच सुमारास चातुर्मास संपून साधू-साध्वी विहार करतात. चार महिने ज्या स्थानकात प्रवचने झाली, तेथून ते हाताशी असेल तेवढेच घेऊन पुढच्या गावी निघतात, आणि त्यांना निरोप देण्यासाठी श्रावक काही अंतर बरोबर चालत जातात. तोवर शेतांतील पहिली वेचणी आटोपलेली असते, तुरीला फुले येऊ लागलेली असतात, मोंढ्यातील आवक चढलेली असते. वेशीपासून परतलेला श्रावक दुकान उघडतो, तराजू पुसतो आणि त्या दिवसाची पहिली पट्टी लिहावयास घेतो.